गुडघा कुठे दुखतोय ते आधी बघा, मग सीटला पाना लावा

सायकल घेऊन दोन महिने झाले की गुडघा कुरकुर करायला लागतो आणि मग घरातला, सोसायटीतला, ऑफिसातला प्रत्येक माणूस ऑर्थोपेडिक होतो. कोणी म्हणतं सायकलने गुडघे जातातच, कोणी म्हणतं वय झालं, कोणी तेलाचं नाव सांगतं. सायकल तिथेच पार्किंगमध्ये उभी असते आणि तिच्याकडे मात्र कोणी बघत नाही. मी डॉक्टर नाही, बाईक फिटरही (सायकल अंगाच्या मापाला बसवून देणारा) नाही, पुण्यात कोथरूडमध्ये राहते आणि चार वर्षं सायकल चालवतेय. पण माझ्या गुडघ्याने मला पुढून, मागून असं दोन्हीकडून शिकवलंय म्हणून हे लिहितेय.

झालं असं की हायब्रिड सायकल घेतली तेव्हा दुकानातल्या माणसाने मला सीटवर बसवलं आणि विचारलं, ताई दोन्ही पाय टेकतायत ना? टेकत होते. मग झालं तर, म्हणाला. मलाही बरं वाटलं कारण माझी उंची ५ फूट २ इंच आणि पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाय टेकणं म्हणजे जिवाचा आधार. खडकवासल्यापर्यंत दोन रविवार छान गेले, तिसऱ्या रविवारी ग्रुपबरोबर सिंहगडाच्या चढाला लागले आणि अर्ध्यातून परत आले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन पर्वतीला गेलो, १०३ पायऱ्या चढताना काही नाही पण उतरताना गुडघ्याच्या वाटीच्या खाली अशी कळ यायला लागली की सासूबाईच मला धरून खाली घेऊन आल्या. मग नवऱ्याने कुठेतरी वाचलं की सीट खाली आहे म्हणून, आणि एका झटक्यात दीड इंच वर केली. पुढची कळ आठवड्यात गेली आणि गुडघ्यामागची लवण दुखायला लागली. आगीतून फुफाट्यात.

तर सगळ्यात आधी, पाना हातात घ्यायच्या आधी, एक बोट ठेवून दाखवा कुठे दुखतंय. वाटीवर किंवा वाटीच्या आसपास पुढच्या बाजूला दुखत असेल, जिना उतरताना जास्त, खूप वेळ बसून उठताना जास्त, तर बहुतेक सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे, किंवा तुम्ही जड गिअरवर दाबून चालवताय. मागे लवणीत ताण येत असेल तर सीट वर आहे किंवा फार मागे गेलीय. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर आधी पावलाकडे बघायचं, म्हणजे पाऊल पेडलवर कसं बसतंय, बोटं आत वळलीयत का बाहेर. बाहेरच्या बाजूचं दुखणं कधीकधी जास्त वर असलेल्या सीटमुळेही होतं, कारण मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा जो जाड पट्टा आहे तो पाय जवळजवळ सरळ होताना ताणला जातो.

सीट खाली असली की पुढे का दुखतं ते समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. पेडल वर येतं तेव्हा गुडघा किती दुमडतो बघा. सीट जितकी खाली तितका गुडघा जास्त दुमडलेला, आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच तुम्ही जोर लावायला सुरुवात करता, सगळा दाब वाटी आणि मांडीच्या हाडाच्या मध्ये. उकिडवं बसून उठण्यासारखंच आहे हे, फक्त मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. एका तासात चार हजारच्या वर बैठका झाल्या की हो. सीट फार वर असेल तर उलटं, खाली पेडलपर्यंत पोचायला पाय पूर्ण ताणावा लागतो, मांडीच्या मागचे स्नायू ओढले जातात आणि कंबर डावीकडे उजवीकडे हलायला लागते. मागून सायकल चालवत येणाऱ्या मित्राला विचारा कंबर हलतेय का, तो लगेच सांगेल, स्वतःला कळत नाही.

आता करायचं काय. सामान फार नाही. अ‍ॅलन की चा सेट (बहुतेक ४, ५, ६ नंबर लागतात, जुन्या सायकलला १३ चा पाना), मेझरिंग टेप, इलेक्ट्रिकची चिकटपट्टी, मोबाईल, आणि एक ओळंबा. ओळंबा बोहरी आळीत मिळतो पण आणायला जायची गरज नाही, दोऱ्याला एक जड नट बांधला तरी काम होतं. आणि एक वही किंवा फोनमधली नोट, ही सगळ्यात महत्त्वाची. सुरू करायच्या आधी आत्ताची सगळी मापं लिहून ठेवा आणि सीटपोस्टला (सीटखालची नळी) फ्रेमच्या लगत चिकटपट्टी लावा. माझं पहिल्यांदा हेच चुकलं, नवऱ्याने सीट वर केली आणि आधी कुठे होती ते दोघांनाही आठवेना.

आणि सीटच्याही आधी पाऊल. आपल्याकडे चपला घालून पायाचा मधला खळगा पेडलवर ठेवून चालवायची सवय असते, मीही तशीच शिकले. चवडा पेडलच्या मधल्या दांड्यावर यायला पाहिजे, फार तर दांडा चवड्याच्या जरासा मागे. पाऊल कुठे ठेवताय यावर पायाची लांबी बदलते, म्हणून आधी पाऊल ठरवा आणि मगच सीटची उंची, नाहीतर सगळी मापं फुकट. बूट नेहमीचेच घाला, राईडला जे घालता ते. आणि राईडला चड्डी पॅडवाली घालत असाल तर मापाला पण तीच, पॅडची जाडी धरावी लागते.

उंची ठरवायची सगळ्यात सोपी पद्धत टाचेची. सायकल दाराच्या चौकटीत उभी करा म्हणजे दोन्ही हाताने धरता येईल, किंवा कोणाला तरी हँडल धरायला सांगा. सीटवर नीट मधोमध बसा, टाच पेडलवर ठेवा आणि उलटं पेडल मारा. पेडल सगळ्यात खाली जाईल तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. टाच सुटत असेल तर सीट वर आहे, गुडघा वाकलेला राहत असेल तर खाली आहे. हे जमलं की चवडा ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो, तेवढाच हवा. पन्नास रुपयाचंही सामान न लागता नव्वद टक्के काम इथे होतं असं माझं मत आहे.

ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी दुसरी पद्धत. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, दोन्ही पावलांत वीतभर अंतर, जांघेत एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं माप सेंटीमीटरमध्ये घेऊन ०.८८३ ने गुणा. जे येईल तेवढं अंतर क्रँकच्या (पेडल ज्याच्या टोकाला लागतं तो फिरणारा हात) मधल्या बोल्टपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत. माझं माप ७१ आलं, म्हणजे ६२.७ सेंटीमीटर. दुकानातून आली तेव्हा ५८ च्या आसपास असावी! हा आकडा ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो, तीन वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेला तो अमेरिकन. पण तो काही वेदवाक्य नाही, लांब पावलं असतील, जाड तळाचे बूट असतील, क्रँक वेगळ्या लांबीचा असेल तर दोन-चार मिलीमीटर इकडे तिकडे होणारच. सुरुवात करायला बरा आकडा एवढंच.

तिसरी पद्धत मोबाईलची. फोन स्टुलावर, सायकलच्या बरोबर बाजूला, साधारण गुडघ्याच्या उंचीला ठेवा. फोन तिरका असेल तर कोन चुकतो. व्हिडिओ घ्या, पेडल सगळ्यात खाली असताना थांबवा आणि कंबरेचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं हाड यांच्यावर रेषा काढून बघा, पाय पूर्ण सरळ असता तर त्यापेक्षा गुडघा किती अंश वाकलाय. थांबून मोजलं तर २५ ते ३५ अंश हवा. पुढून दुखणाऱ्याने पंचविशीच्या जवळ राहावं, मागून दुखणाऱ्याने पस्तिशीच्या जवळ. चालवताना मोजला तर पाच-दहा अंश जास्त भरतो, घाबरू नका.

आणि आता ते सगळ्यात कळीचं. सीट बरोबर उंचीला आली की दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. टेकायलाच नकोत. एका पायाची बोटं कशीबशी लागली तर लागली. हे ऐकलं की लोकांचा चेहरा पडतो, आणि पुण्यात तर पडणारच, कर्वे रस्त्यावर दर दोनशे मीटरला थांबायचं, मधे रिक्षा घुसणार, समोरून राँग साईडने स्कूटर येणार. माझ्या ग्रुपमधले अर्ध्याहून जास्त नवीन लोक फक्त या भीतीपायी सीट खाली ठेवतात आणि मग नी कॅप लावून फिरतात. उपाय सीट खाली करणं नाही, थांबायची पद्धत बदलणं आहे. थांबायचं असेल तेव्हा ब्रेक लावता लावता एक पेडल खाली आणा, त्यावर उभं राहा, ढुंगण सीटवरून उचलून पुढे घ्या आणि दुसरा पाय जमिनीवर. सीट मागे, तुम्ही पुढे, फ्रेमचा दांडा दोन पायांच्या मधे, पाय आरामात टेकलेला. निघताना एक पेडल वर थोडं पुढे करून ठेवा, त्यावर जोर देऊन उभं राहा, सायकल चालायला लागली की सीट आपोआप तुमच्या बुडाखाली येते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धा तास केलं की जमतं. मला तीन दिवस लागले आणि वॉचमन काकांनी दोनदा विचारलं काही हरवलंय का. फुटपाथचा कठडा मिळाला तर त्यावर पाय ठेवायचा, हे पुणेकराला शिकवायला नको.

वर करताना एकदम नको. ३ ते ५ मिलीमीटर, मग दोन-तीन छोट्या राईड, मग परत. पुढून दुखत असेल आणि सीट चार-पाच सेंटीमीटर खाली असेल तर पहिला टप्पा मोठा घेतला तरी चालेल पण शेवटचा सेंटीमीटर हळू, कारण स्नायूंना नव्या लांबीची सवय नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सीटही वर केली, पुढेही केली, बूटही बदलले आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं हे देवालाच ठाऊक. सीटपोस्टवर एक रेघ असते, त्याच्या वर काढायची नाही, ती रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात सीटपोस्ट तरी वाकेल नाहीतर फ्रेम तरी तडकेल. रेघ येऊनही उंची पुरत नसेल तर लांब सीटपोस्ट मिळतो, किंवा फ्रेमच लहान आलीय हे मान्य करायचं. क्लँप (सीटपोस्ट आवळणारी कडी) घट्ट करताना त्याच्यावर लिहिलेला आकडा बघा, बऱ्याचदा ५ न्यूटन मीटर असतो, कार्बन असेल तर टॉर्क पाना (किती आवळलं ते दाखवणारा) हवाच. आणि वर्षातून दोनदा सीटपोस्ट बाहेर काढून पुसून थोडं ग्रीस लावा (कार्बनला ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट येते). आपल्या पावसाळ्यात चार महिने तो तसाच राहिला की आत असा जाम होतो की मग हातोडी निघते.

उंची जमली तरी पुढे दुखतंय, मग सीट मागे-पुढे. इथे ओळंबा लागतो. क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथून दोरा सोडा. दोरा पेडलच्या मधल्या दांड्यावर किंवा त्याच्या जरा मागे पडला तर ठीक. फार पुढे पडत असेल तर सीट मागे न्या, ५ मिलीमीटर बस. ही पद्धत पण शास्त्र म्हणून नाही, सुरुवात म्हणूनच घ्या, सायकली बनवणाऱ्या कीथ बॉन्ट्रॅगरने तर याच्या विरोधात अख्खा लेख लिहिलाय की गुडघा दांड्याच्या बरोबर वर असण्यात जादू काही नाही. पण एक हिशोब लक्षात ठेवा, सीट मागे नेली की पेडलपासून तिचं अंतरही वाढतं, १ सेंटीमीटर मागे म्हणजे जवळजवळ ३ मिलीमीटर वर केल्यासारखं. म्हणून मागे नेल्यावर तेवढी खाली घ्यायची, नाहीतर पुढचं दुखणं मागे जाऊन बसतं. सीट आडवी सपाट ठेवा. नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस घसरत घसरत सीटच्या टोकावर येतो आणि मग ओळंब्याने घेतलेली सगळी मापं गेली पाण्यात, वर मनगटं दुखतात ती वेगळीच.

आत-बाहेरचं दुखणं मी स्वतः भोगलं नाही पण ग्रुपमधल्या एका काकांचं जवळून बघितलं. क्लीटवाले बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा, म्हणजे क्लीट, असलेले) नवीन घेतले आणि दोन आठवड्यात उजव्या गुडघ्याची आतली बाजू धरली. कारण साधं होतं, त्यांचं उजवं पाऊल मुळात बाहेर वळलेलं, चालताना पण दिसतं, आणि क्लीट सरळ लावलेली. पाऊल पेडलमध्ये अडकलेलं, वळायचं तर ते वळतं गुडघ्यातून. टेबलावर बसून पाय मोकळे सोडा आणि बघा पावलं कुठे बघतायत, क्लीट तशीच लावा. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये लाल रंगाची अजिबात हलू देत नाही, निळी २ अंश, पिवळी ६ अंश. ज्याचे गुडघे बोलतात त्याने पिवळीच घ्यावी. काकांना लाल बसवून दिली होती, का ते विचारू नका. झिजलेली क्लीटही एका बाजूला कलते, बदला. साधी सपाट पेडलं असतील तर हा प्रश्न फारसा येत नाही, पाऊल आपली जागा आपण शोधतं. त्यामुळे ज्यांना क्लीटने त्रास होतोय त्यांनी महिनाभर सपाट पेडलवर येऊन बघायला काही हरकत नाही, इज्जत जात नाही. पेडल काढताना डावीकडच्या पेडलचे आटे उलटे असतात एवढं लक्षात ठेवा.

माझ्यासारख्या बुटक्यांसाठी अजून एक, क्रँकची लांबी. क्रँकच्या आतल्या बाजूला पेडलजवळ १६५, १७०, १७५ असं कोरलेलं असतं. सायकली बऱ्याचदा १७० किंवा १७५ घेऊन येतात आणि लहान पायाला ते लांब पडतात, पेडल वर आलं की गुडघा पोटाला लागतो. सीट कितीही नीट करा, वरचा तो वाक कमी होत नाही. मी १७० काढून १६५ टाकले, सीट ५ मिलीमीटर वर घेतली, म्हणजे वर गुडघ्याला एकूण १ सेंटीमीटर जागा जास्त मिळाली. ऐकायला काहीच नाही. चढावर फरक मला पहिल्याच दिवशी कळला. पण हा खर्च आहे, सगळं करून झाल्यावर करायचा.

आणि हे सगळं करूनही गिअर जड ठेवून दाबणार असाल तर गुडघा दुखणारच. सपाटीला पाय मिनिटाला ८० ते ९० फिरले पाहिजेत, घड्याळ लावून उजवा गुडघा १५ सेकंदात किती वेळा वर येतो मोजा, २० आला तर ८०. आमच्याकडे बहुतेकांचा पन्नास-साठ निघतो आणि त्याचा अभिमानही असतो. चांदणी चौकाकडे चढताना, जुन्या कात्रज घाटात, बोपदेवला, चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका, चढावर आल्यावर जोर असताना टाकला तर चेनही ओरडते आणि गुडघाही. सिंहगडचा घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटर आहे, तो नव्या सेटिंगची परीक्षा घ्यायची जागा नाही. आधी खडकवासला सपाट दोन-तीन वेळा, मग छोटा चढ, मग तो. तीस किलोमीटरवरून सरळ २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) नाव देणारे लोक पण मला माहीत आहेत, साडेतेरा तासांची वेळ बघून वाटतं जमेल, आणि मग फिटिंगला दोष देतात.

गुडघा सुजला असेल, गरम लागत असेल, मधेच अडकत असेल किंवा पायऱ्यांवर दगा देत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर वरचं काही करत बसू नका, डॉक्टरकडे जा. दोन-तीन आठवडे सीट नीट करूनही फरक नसेल तरी जा. बाईक फिटरकडे जायचं असेल तर स्वतःचे बूट, चड्डी आणि ती वही घेऊन जा, कधी काय बदललं आणि काय दुखलं ते लिहिलेलं असेल तर त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुम्हाला तो काय करतोय ते कळतं पण.

माझी सध्याची नोंद: सीट ६२.४, क्रँक १६५, पिवळी क्लीट. सूत्राप्रमाणे ६२.७ यायला पाहिजे आणि आखूड क्रँकला त्याहून जास्तच, पण माझ्या लवणीला ६२.४ च मानवते. सीटपोस्टवर हिरवी चिकटपट्टी आहे, कारण भाचा दूध आणायला सायकल नेतो, त्याला दोन्ही पाय टेकायला लागतात.